ख्रिस्ती प्रार्थनेची मराठी

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या भाषेविषयी आपल्याकडे जी चर्चा झाली आहे ती बहुतांशी शब्दसंग्रहाची चर्चा आहे. ‘ख्रिस्तपुराणा’त संस्कृत शब्द किती, पोर्तुगीज किती आणि कोंकणी किती, मिशनऱ्यांच्या मराठीत इंग्रजी वाक्यरचना कोठे डोकावते, नारायण वामन टिळकांनी वारकरी पदावलीतून काय उचलले, या प्रश्नांची उत्तरे परिश्रमपूर्वक दिली गेली आहेत. ती निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या श्रद्धेपोटी हे वाङ्मय निर्माण झाले तिने माणसाच्या बोलण्यावर आणि प्रार्थनेवर काही अटी घातलेल्या आहेत. त्या अटींच्या कसोटीवर ही भाषा घासून पाहण्याचे काम टीकाकार सहसा अंगावर घेत नाहीत. धर्माची बाजू धर्मोपदेशकांनी पाहावी आणि भाषेची आपण, अशी एक सोयीस्कर वाटणी होऊन बसली आहे. प्रस्तुत लेखापुरती तरी ती बाजूस ठेवावयाची आहे.

या अटी कोणत्या, हे आधी नीट पाहिले पाहिजे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात शपथ वाहण्याचाच निषेध आहे. होकार हा होकार असावा आणि नकार हा नकार, त्याला आणखी कशाचे पाठबळ नको. सहाव्या अध्यायात प्रार्थनेसंबंधी सांगितले आहे ते असे की ती लोकांनी पाहावी म्हणून चव्हाट्यावर करू नये, खोलीचे दार लावून करावी. आणि पुष्कळ शब्द खर्चल्याने ती ऐकली जाते असे समजू नये. मूळ ग्रीक ग्रंथात या शब्दपाल्हाळासाठी ‘बत्तलोगेओ’ असे जे क्रियापद येते, त्याच्या उच्चारातच तोतऱ्या, अडखळत पुनरावृत्तीचा भास आहे. या ताकिदीला लागूनच नमुन्याची प्रार्थना दिली आहे, आणि ती इतकी आखूड आहे की एका दमात म्हणून होते. याकोबाच्या पत्रात याच सूत्राची दुसरी बाजू येते: ज्या जिभेने देवाची स्तुती करावयाची तिनेच देवाच्या प्रतिमेप्रमाणे घडलेल्या माणसाला शाप द्यावयाचा, ही विसंगती पत्रलेखकाला सहन होत नाही.

या उपदेशाकडे केवळ नीतीचे पाठ म्हणून पाहिले तर त्यातील भाषाविचार हातून निसटतो. शपथेचा निषेध म्हणजे वाणीच्या दोन प्रती नाकारणे होय. शपथेवर बोललेले तेवढे खरे मानावयाचे, तर एरवीच्या बोलण्याला थोड्याफार खोटेपणाची मुभा आपोआप मिळते. ती मुभा येथे काढून घेतली आहे. मग प्रार्थनेचीही वेगळी, राखीव वाणी उरत नाही. देवापुढे ज्या जिभेने उभे राहावयाचे तीच बाजारात, स्वयंपाकघरात आणि कज्जेदलालीत चालवावयाची. साहित्याच्या दृष्टीने ही अट फार अवघड आहे, कारण प्रत्येक धर्मसंप्रदाय काळाच्या ओघात आपली स्वतंत्र प्रार्थनाभाषा घडवतो आणि तिच्या घडीवपणातच भाविकाला आधार वाटतो. ख्रिस्ती परंपराही याला अपवाद नाही. लॅटिन उपासनेची शतके ही त्याची साक्ष आहे.

याच संदर्भात ‘अब्बा’ या शब्दाचे उदाहरण मननीय आहे. येशू ज्या अरामी भाषेत बोलत असे तिच्यात घरातल्या बापाला हाक मारण्याचा हा शब्द. मार्कच्या शुभवर्तमानात गेथशेमाने बागेतील प्रार्थनेत तो येतो, आणि पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिलेल्या ग्रीक पत्रांतही तो मूळ रूपात ठेवून दिला आहे. ग्रीक वाचकांना तो कळणार नाही म्हणून पुढे अर्थ जोडला आहे खरा, परंतु शब्द गाळलेला नाही. हाक ही भाषांतरात हरवते, हे त्या लेखकांना ठाऊक असावे. मराठीत ही अडचण ‘बाप’ की ‘पिता’ या रूपाने उभी राहिली. ‘पिता’ हा शब्द श्राद्धाच्या संकल्पात, पाठ्यपुस्तकात आणि अर्जाच्या रकान्यात येतो. या शब्दाने हाक मारणारे मूल महाराष्ट्रात अजून जन्मावयाचे आहे. ‘बाप’ घरातला, परंतु पांढरपेशा कानाला तो उत्तरोत्तर खरखरीत वाटू लागला. जुन्या भाषांतरांतील प्रभूच्या प्रार्थनेत ‘बाप’ होता. पुढच्या शुद्धीकरणात त्याच्या जागी ‘पिता’ आला. शब्द सुसंस्कृत झाला, परंतु प्रार्थना करणारा मात्र उंबऱ्याबाहेर जाऊन उभा राहिला, असे आम्हांस वाटते.

फादर टॉमस स्टीफन्स या इंग्रज जेजुइटाने हा प्रश्न सर्वांआधी हाताळला. १५७९ साली तो गोव्यात उतरला आणि १६१९ मध्ये त्याचा अंत होईपर्यंतचा बहुतेक काळ साष्टी प्रांतात गेला. ‘ख्रिस्तपुराण’ प्रथम १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ साली ते पुन्हा निघाले. ग्रंथ सुमारे अकरा हजार ओव्यांचा आहे. आरंभीच त्याचे प्रयोजन सांगितले आहे: धर्मशिक्षण चालले असता नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण विचारतो की, आमची जुनी पुराणे तर गेली, आता त्यांच्या जागी वाचावयास काही द्याल की नाही? हा प्रश्न आपण साधा समजू नये. गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचा अंमल होता आणि जुने ग्रंथ बाळगणे धोक्याचे झाले होते. ज्या सत्तेने पुराणे हिरावली तिच्याच आश्रयाने हे नवे पुराण आले. त्यातील गोडव्याचे कौतुक करताना ही पार्श्वभूमी विसरणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

स्टीफन्सने केलेली एक निवड आमच्या विषयाच्या दृष्टीने त्याच्या मराठीप्रेमाच्या सुप्रसिद्ध ओव्यांहूनही महत्त्वाची आहे. त्याने दोन ग्रंथांसाठी दोन भाषा वापरल्या. पुराणासाठी ग्रांथिक मराठी घेतली, परंतु ज्या प्रश्नोत्तरांत मूलभूत प्रार्थना शिकवावयाच्या होत्या ती ‘दौत्रिना ख्रिश्तां’ साष्टीच्या बोलीत, म्हणजे कोंकणीत, लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर १६२२ साली छापली गेली. ऐकावयाची कथा साहित्याच्या भाषेत आणि स्वतःच्या तोंडाने करावयाची प्रार्थना घरच्या बोलीत, अशी ही विभागणी आहे. शब्दांचीही विभागणी तशीच सूचक आहे. पवित्र आत्म्यासाठी ‘स्पिरितु सांतु’ हा परका शब्द येतो, बाप्तिस्म्यासारख्या संस्कारासाठीही परकाच. परंतु स्वर्गाला तो बिनदिक्कत वैकुंठ म्हणतो आणि परमेश्वराला बाप म्हणून हाक मारून ग्रंथाचे नमन करतो. जेथे चर्चचा अधिकार आहे तेथे चर्चचा शब्द, आणि जेथे जीवाची ओढ आहे तेथे जीवाचा शब्द, असा हा न्याय दिसतो. लंडन येथे जपलेल्या देवनागरी हस्तलिखितात, ज्याला मार्सडेन प्रत म्हणतात, परक्या शब्दांच्या जागी संस्कृत शब्द आढळतात. मूळ पाठ कोणता हा वाद स्वतंत्र आहे. प्रार्थनेच्या दृष्टीने पाहता छापील पाठातील ओबडधोबड मिश्रण अधिक बोलके आहे, कारण दोन जगांतील फट त्यात बुजवलेली नाही.

तरीसुद्धा ‘ख्रिस्तपुराण’ हा प्रार्थनेचा ग्रंथ नव्हे. त्यात सांगणारा आहे आणि ऐकणारे आहेत. एकटा माणूस दार लावून देवाशी बोलतो आहे असे क्वचितच जाणवते. पुराण या प्रकाराची ती मर्यादाच आहे. पुढे १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने तीन वर्षांच्या आत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला. हुकमाने घरातली बोली मरत नाही, पण तिच्यातून वाढू शकणारे वाङ्मय खुंटते. स्टीफन्सची परंपरा गोव्यात पुढे सरकली नाही. ग्रंथ मंगळूरकडील ख्रिस्ती घराण्यांनी हस्तलिखितांच्या रूपाने सांभाळला, त्यांवरून सालढाणा यांनी १९०७ साली तो पुन्हा प्रसिद्ध केला, आणि देवनागरीत तो मराठी वाचकांच्या हाती पडला तो १९५६ साली, शांताराम बंडेलू यांच्यामुळे.

एकोणिसाव्या शतकातील मिशनरी मराठीविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. सेरामपूर येथे केरीने वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने काम सुरू केले आणि अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत ठाण मांडले. ज्ञान, शिस्त आणि छापखाना या मंडळींपाशी होते, कान नव्हता. त्यांची प्रार्थनागीते बहुधा पाश्चात्त्य चालीत बसविलेली भाषांतरे असत, आणि चालीच्या ओढाताणीत मराठी शब्दांचे ऱ्हस्वदीर्घ हाल होत. पाद्रीछाप मराठी हा थट्टेचा विषय झाला तो काही केवळ द्वेषाने नव्हे. मात्र थट्टा करणाऱ्यांनीही एक गोष्ट लक्षात घेतली नाही. ही भाषा अवघडलेली होती म्हणूनच तिच्यात खोटे बोलणे सोपे झाले. जी वाणी आपल्या तोंडची नाही तिच्यात पश्चात्ताप, कृपा, तारण हे शब्द कितीही वेळा उच्चारता येतात. जीभ कोठेच अडत नाही.

पंडिता रमाबाईंचे महत्त्व येथे आहे. त्यांच्या ख्रिस्ती जीवनाच्या दोन टोकांना भाषेविषयीचे दोन निर्णय आहेत, आणि ते वरवर परस्परविरोधी वाटतात. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या वास्तव्यातील पत्रव्यवहारात क्रुसावरील अक्षरांचा एक वाद आहे. संघिणी ज्या भगिनी त्यांना मार्गदर्शन करीत त्यांच्या प्रथेप्रमाणे क्रुसावर लॅटिन शब्द असत. रमाबाईंनी ते नाकारले. अक्षरे कोरावयाचीच असतील तर ती संस्कृतात असावीत, असे त्यांनी कळविले. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून त्यांचा हा आग्रह नव्हता. ब्राह्मण संस्कृतला जसे पवित्र मानतात तसे तुम्ही लॅटिनला मानता काय, असा त्यांचा उलट प्रश्न होता. लॅटिन आपल्याला कळत नाही आणि आपल्या देशभगिनींनाही कळत नाही, हे त्यांचे मुख्य कारण. ज्या बाईंना कलकत्त्याच्या विद्वानांनी १८७८ साली ‘पंडिता’ म्हणून गौरविले होते, त्यांनी पवित्र भाषा नावाची वस्तूच अमान्य करावी, ही गोष्ट लहान नाही. कॅथलिक चर्चने देशी भाषांना उपासनेत अधिकृतपणे वाव दिला तो द्वितीय व्हॅटिकन परिषदेच्या डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक संविधानाने, म्हणजे त्यानंतर ऐंशीएक वर्षांनी. वसईच्या ख्रिस्ती समाजात मराठी उपासना रुजली आणि तेथील फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला, हा या मार्गावरचा बराच पुढचा टप्पा.

दुसरा निर्णय केडगावचा. मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातून वाचलेल्या, अक्षरओळख नसलेल्या शेकडो मुली आणि बायका होत्या. त्यांच्यासाठी रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणण्याचे काम हाती घेतले आणि आयुष्याची शेवटची सुमारे अठरा वर्षे त्यात घातली. १९२२ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. प्रचलित भाषांतरांवर त्यांचा मुख्य आक्षेप असा की त्यांतील संस्कृतप्रचुर आणि हिंदू धर्मकल्पनांचा वास असलेले शब्द साध्या बाईला कळत नाहीत किंवा भलतेच कळतात. क्रुसावर संस्कृत मागणारी विदुषी आता ग्रंथातून संस्कृत काढून टाकते, याला मतांतर म्हणणारे आहेत. आमच्या मते तत्त्व एकच आहे. ज्या बाईने हा शब्द उच्चारावयाचा तिला तो कळतो काय, एवढेच दोन्ही वेळा त्यांनी विचारले. वाँटेजमध्ये ती बाई त्या स्वतः होत्या आणि केडगावात ती दुष्काळातून आलेली कुणबीण होती.

या भाषांतराची दुसरी बाजूही नोंदली पाहिजे. मूळ शब्दाला चिकटून राहण्याच्या आग्रहाने त्यातील वाक्ये पुष्कळदा मोडतात, मोठ्याने वाचताना श्वास कोठे घ्यावा कळत नाही, आणि मंडळ्यांनी ते फारसे स्वीकारले नाही. कळणे आणि तोंडी बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय धर्मकल्पनांचा वास काढून टाकलेली मराठी ही मराठी किती उरते, हा प्रश्न राहतोच. ‘कृपा’, ‘भक्ती’, ‘शरण’ या शब्दांना मराठीत जी ऊब आहे ती शतकानुशतकांच्या नामसंकीर्तनाने आलेली आहे.

गंमत अशी की, जेथे प्रत्येक हिब्रू शब्द असा तोलला जात होता त्याच आवारात १९०५ साली शब्दांना न जुमानणाऱ्या प्रार्थनेचा पूर आला. मुली एकाच वेळी मोठमोठ्याने, रडत, आपापल्या शब्दांत प्रार्थना करू लागल्या; पुढे अनाकलनीय वाणीत बोलण्याचेही प्रकार घडले. बाहेरून टीका झाली. रमाबाईंनी हे थांबविले नाही. मत्तयाच्या सहाव्या अध्यायातील बंद खोली येथे कोठे गेली, असे कोणी विचारील तर तो आक्षेप रास्तच आहे. परंतु ज्यांना आजवर कोणी मोठ्याने बोलूच दिले नव्हते त्यांच्या आवाजाला मर्यादेचा नियम प्रथमदर्शनी लावावा काय, हेही विचारले पाहिजे. चव्हाट्यावर प्रार्थना करणाऱ्याविषयीची ताकीद ज्यांना आधीच मान होता त्यांच्यासाठी होती.

टिळकांकडे वळताना एक भान ठेवावयास हवे. त्यांच्याविषयी आपल्या मनात इतका जिव्हाळा आहे की टीका बोथट होते. १८६१ साली कोंकणात जन्मलेल्या या कवीने १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत. अहमदनगरच्या मिशनमध्ये त्यांच्याआधी कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता, परंतु अभंग आणि भजन या रचनांना ख्रिस्ती उपासनेत खरे घर मिळाले ते टिळकांमुळे. ख्रिस्ताला ‘गुरुमाउली’ म्हणताच काय घडले हे पाहा. पिता की बाप हा पेच एका शब्दात सुटला; मराठी भाविक ज्या सलगीने देवाशी बोलतो ती सलगी येशूपर्यंत पोचली.

असे असले तरी अभंगाचा साचा घेताना त्याबरोबर येणारे भाव आपले किती आणि साच्याचे किती? दैन्य, लोळण, पतितपणाची कबुली ही अभंगवाङ्मयात इतकी रुळलेली आहे की ती न भोगताही लिहिता येते. पाद्रीछाप मराठीत खोटे बोलणे जसे सोपे, तसेच ते या गोड मराठीतही सोपे. किंबहुना अधिक सोपे, कारण ऐकणाऱ्याला संशयच येत नाही. टिळकांच्या अभंगांतील नाममुद्रा या दृष्टीने तपासण्यासारखी आहे. तुकाराम आपल्या नावानिशी बोलतो, आणि त्या नावामागे देहूचा, दिवाळे निघालेला, बायकोशी भांडणारा, विठ्ठलालाही जाब विचारणारा एक विशिष्ट वाणी उभा असतो. टिळक ‘दास’ म्हणवून घेतात. सामुदायिक उपासनेला हे सोयीचे, कारण दास कोणीही होऊ शकतो आणि प्रत्येकाला तो अभंग आपला म्हणून गाता येतो. परंतु नाव गेले की जबाबदारीही सैल होते. करजगावचा, तापट, कर्ज करून दानधर्म करणारा, बायकोला न सांगता धर्म बदलणारा माणूस या अभंगांत पुरेसा सापडत नाही. जाब विचारणे तर जवळजवळ नाहीच. तुकारामाकडून टिळकांनी माया घेतली, भांडण घेतले नाही, ही आमची तक्रार आहे.

तथापि टिळकांच्या बाजूने एक पुरावा असा आहे की तो कवितेत नसून चरित्रात आहे. मिशनचा पगार घेत राहून त्यागाची भजने रचणे त्यांना शेवटी अवघड झाले. १९१७ साली त्यांनी ती नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोहोंना सामावणारा ‘देवाचा दरबार’ मांडला. पुढे दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये, ते वारले. श्रद्धेने वाणी घडवावी असे आपण म्हणतो. येथे वाणीने माणसाला गाठले आणि बोलल्याप्रमाणे वागावयास लावले. साच्यातून आलेले शब्द सुद्धा पुरेशा वेळा उच्चारले की कर्जासारखे अंगावर येऊ शकतात, हे त्यावरून दिसते.

आता गद्याकडे. ख्रिस्ती आत्मकथनाचा मराठीतील आरंभीचा नमुना म्हणजे बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’. नावातच सर्व आले: आधी अंधार, मग उजेड. या रचनेत बाप्तिस्म्यापूर्वीच्या प्रत्येक प्रसंगाला शेवटाच्या दिशेने वाकावे लागते आणि लेखक जणू साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून बोलतो. ते शपथेवरचे बोलणे आहे. १९३४ ते १९३६ या काळात भागशः प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त अशी शपथ कोठेही नाही. माहेरच्या सोवळ्याओवळ्याचे वेड, सासऱ्यांचा राग, पतीचे विक्षिप्त औदार्य, आपला स्वतःचा जातीविषयीचा हट्ट आणि तो सुटताना झालेली फजिती हे सारे त्या एकाच सुरात सांगतात. धर्मांतरापूर्वीच्या आयुष्यासाठी वेगळी, काळी शाई नाही आणि नंतरच्या आयुष्यासाठी सोनेरी नाही. सासऱ्यांवर राग धरून लिहिले आहे असे एक पानही वाटत नाही, आणि त्यांचे वागणे झाकलेलेही नाही. नवऱ्याला त्या देवत्व देत नाहीत. होकार तो होकार आणि नकार तो नकार, ही मत्तयातील अट मराठी गद्यात कोणी सहजपणे पाळली असेल तर ती या बाईंनी. ग्रंथात धर्मशास्त्रीय परिभाषा जवळजवळ नाही म्हणून त्याला ख्रिस्ती वाङ्मय म्हणावे की नाही, असा संकोच काही जण दाखवतात. आम्हांस तर वाटते की मराठीतील ख्रिस्ती वाणीचा शोध घेणाऱ्याने आरंभ येथूनच करावा आणि मग मागे, भजनांकडे व भाषांतरांकडे, जावे.

तसे करणाऱ्या अभ्यासकासाठी एक ग्रंथ जवळजवळ अस्पर्श पडून आहे. टिळकांनी १९०९ च्या सुमारास ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभिले आणि ते अपुरे ठेवून ते गेले. त्याचा फार मोठा भाग नंतर लक्ष्मीबाईंनी लिहिला. त्यांच्याही मृत्यूनंतर, १९३८ साली, ते प्रसिद्ध झाले. शाळेचे तोंड न पाहिलेली ही बाई पतीच्या पंडिती ओवीला आपली घरची ओवी जोडते, तेव्हा सांधा लपत नाही. पतीच्या अध्यायांत ख्रिस्त स्तवनाचा विषय आहे. पत्नीच्या अध्यायांत तो लोकांच्या घरी जातो, जेवतो, थकतो. दोन्ही हातांची ओवी शेजारी ठेवून, संबोधने कोणती, क्रियापदे कोणती, देवाशी बोलताना कोण किती शब्द खर्च करतो याचा पाठनिहाय तपास अजून व्हावयाचा आहे.